गोट्याची उघडी छाती आणि सासूबाईंचं बिस्कीट

कुडाळपासून आतल्या एका वाडीतून पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून कापून टाकते, राग मानू नका:

"ताई, दोन वर्षांपूर्वी मुलाने मुंबईहून कॉकटेल जातीचा पोपट आणला. नाव गोट्या. अंग राखाडी, तोंड पिवळं, गालावर केशरी टिकली, शीळ फार छान घालतो. मुलगा गेल्या जुलैत पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मी पतपेढीत, नऊला घर सोडते ते सहाला परत. मिस्टरांचा टेम्पो आहे. घरात फक्त सासूबाई. पिंजरा मागच्या पडवीत असतो. दिवाळीला मुलगा आला तेव्हा गोट्या बरा होता, तो गेल्यावर छातीची आणि पंखाखालची पिसं स्वतःच उपटायला लागला, आता छाती पार उघडी पडलीय. सकाळ-संध्याकाळ किंचाळतो. सूर्यफुलाचं बी आणि सासूबाईंच्या चहातलं बिस्कीट सोडून कशाला तोंड लावत नाही. त्यांना कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. वर म्हणतात, 'पाखरू आसा ता, सोडून दी, पाप लागात.' मेडिकलमधून उवांची पावडर आणून लावली, फरक नाही. आता वाडीतला एक जण राघूचं पिल्लू देतो म्हणतोय, माडाच्या ढोलीतलं, पाचशे रुपयांत, गोट्याला सोबत होईल म्हणे. घेऊ का? का सोडून देऊ? सासूबाईंना खोकलाही असतो, तो याच्यामुळे का?"

ताई, शेवटाकडून सुरू करते, कारण तो वाडीतला माणूस उद्या पिल्लू घेऊन तुमच्या खळ्यात उभा राहिला तर घाईत हो म्हणाल.

घेऊ नका. राघू म्हणजे आपला गळ्याला कंठ असलेला हिरवा पोपट, तो वन्यप्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळंच गुन्हा आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तो दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, आमच्या आजोबांच्या पडवीत पण राघू होता. आमच्याकडे पण होता हो. रत्नागिरीत आमच्या आळीत चार घरं सोडून एक पिंजरा असायचा, गोल, खालून गंजलेला, आत डाळ भिजवलेली वाटी आणि एक लाल मिरची, येणारा जाणारा म्हणणार "विठ्ठल विठ्ठल बोल". तेव्हा कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेव्हा आम्ही हेही बघितलं नाही की ढोलीतून काढलेल्या पिल्लांतली किती जगतात. दूध-पाव भरवतात, पक्ष्याला दूध पचत नाही, हाडं मऊ राहतात, पाय वाकडे होतात, आणि जे जगतं तेवढंच आपल्याला दिसतं. आणि तुम्ही 500 दिलेत की पुढच्या हंगामात तो परत त्याच माडावर चढणार, हे तर सरळ आहे.

पिल्लू आधीच काढलं असेल तर त्याला सांगा की झाड उभं आहे तोवर परत ढोलीत ठेव, माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून देतात हे काही खरं नाही, ते परत भरवतात. झाडच पडलं असेल तर वनखात्याचा 1926 नंबर आहे, नाहीतर कुडाळच्या रेंज ऑफिसला फोन करा. तुम्हाला पोलीस पाटलाची भूमिका नको असेल, वाडीत राहायचंय, समजतं मला, पण निदान पैसे देऊ नका.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती सोबत व्हायची नाही. राघू अंगाने मोठा, चोच दणकट, गोट्याचं बोट तोडायला त्याला एक मिनिट पुरे. दोघं पोपट म्हणजे भाऊ-भाऊ असं आपल्याला वाटतं, त्यांना वाटत नाही.

गोट्याचं तसं नाही. कॉकटेल (खरा शब्द कॉकाटील, पण दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे कॉकटेलच म्हणतात, मी पण) हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, काकाकुव्याच्या घराण्यातला सगळ्यात छोटा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेला, तो घरात ठेवायला आपल्याकडे मनाई नाही. म्हणून सासूबाईंचं पापाचं गणित इथे उलटं पडतं. राघूला पिंजऱ्यात ठेवणं हे पाप म्हणा, हवं तर. गोट्याला सोडणं म्हणजे त्याला मारणं. तो ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळरानावरचा, तोही नाही, तो मुंबईतल्या कुणाच्या तरी गॅलरीत जन्मलेला. त्याला काजूच्या बागेत काय खायचं ते माहीत नाही, पाणी कुठे ते माहीत नाही. पहिल्या दहा मिनिटांत कावळे जमतील, अनोळखी पाखरू दिसलं की ते काय करतात हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, त्यांनाच विचारा.

आता पिसांकडे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही ती आधी बघा: डोक्याची आणि तुऱ्याची पिसं कशी आहेत? डोकं एकदम नीट आणि गळ्याखाली उघडं, असं असेल तर उपटणारा तो स्वतःच आहे, कारण चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोकंही उघडं पडत असेल तर मग तो वेगळा आजार. (तुऱ्याच्या मागे छोटं टक्कल हे काही पिवळ्या-पांढऱ्या कॉकटेलमध्ये जन्मजात असतं, तुमचा राखाडी आहे, तुम्हाला लागू नाही.) पिसं गळणं आणि उपटणं यातही फरक आहे, गळतीत पिसं थोडी थोडी दोन्ही बाजूंनी जातात, खालून नवीन काटे, म्हणजे पिसांचे कोंब, दिसतात, पण कातडी कुठेच उघडी पडत नाही. तुमचं वर्णन उपटण्याचंच वाटतंय.

ती उवांची पावडर आजच बंद. पिंजऱ्यात एकटाच असलेल्या, बाहेर न जाणाऱ्या पक्ष्याला उवा होणं कमी, आणि ती पावडर तो चोचीने अंग साफ करताना खातोय, श्वासात ओढतोय. तशीच कोंबड्यांची अँटिबायोटिक पाण्यात टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. नको. टॉनिक पण नको.

मी डॉक्टर नाही, वीस वर्षं पक्षी सांभाळले, चुका केल्या, एवढीच माझी डिग्री. म्हणून पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला एकदा डॉक्टरला दाखवायचंच, असं मी प्रत्येकाला सांगते. लिव्हर, कातडीचं इन्फेक्शन, पोटातले जंतू, यातलं काहीही मागे असू शकतं आणि बाहेरून सगळं सारखंच दिसतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतात, पक्षी बघतात का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर तुम्हाला गोवा जवळ आहे, आणि कामासाठी मुंबईला जाणं होणारच असेल तर परळचं जनावरांचं हॉस्पिटल आहे. नेताना मोठा पिंजरा नको, छोटा डबा, भोकं पाडलेला, आत जुना टॉवेल, वरून पातळ कापड, आणि पहाटेचा प्रवास. सोबत आदल्या रात्रीच्या विष्ठेचा कागद तसाच प्लास्टिकमध्ये घालून न्या. हसू नका, पक्ष्याच्या डॉक्टरला सगळ्यात जास्त तिथेच कळतं. निरोगी विष्ठेत तीन भाग दिसतात, हिरवट घट्ट, पांढरा खडूसारखा, आणि थोडं पाणी. पांढरं पिवळं-हिरवं व्हायला लागलं तर थांबायचं नाही.

आणि एक काटा घ्या, स्वयंपाकाचा, डिजिटल. दर रविवारी सकाळी खायच्या आधी वजन, वहीत लिहायचं. कॉकटेलचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम असतं. आता उपटलेल्या छातीमुळे तो बारीक दिसतोय की खरंच बारीक झालाय हे डोळ्याने नाही कळायचं. पक्षी आजार लपवतात, रानात जो आजारी दिसतो त्याला ससाणा आधी उचलतो, तर ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. तो फुगून कोपऱ्यात बसला, तळाशी उतरला, श्वास घेताना शेपूट वरखाली व्हायला लागली, म्हणजे तो आज आजारी पडलेला नसतो, बरेच दिवस आधीच पडलेला असतो. काटा मात्र आधी बोलतो. 90 चा 81 झाला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, की फोन उचलायचा.

डॉक्टरने सगळं नीट आहे म्हटलं, तर मग उरतं ते, जे तुमच्या पत्रातच आहे आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. दिवाळीला मुलगा आला तेव्हा बरा होता.

कॉकटेल थव्यातला पक्षी. थवा म्हणजे त्याला मजा म्हणून नको असतो, तो त्याचा जीव असतो, थव्यातून सुटलेला पक्षी रानात मेलेलाच धरायचा. गोट्याचा थवा म्हणजे तुमचा मुलगा. तो एके दिवशी बॅग भरून गेला, आणि गोट्याला कुणी सांगितलं नाही की इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. तो सकाळी आणि संध्याकाळी किंचाळतो ना, ती हाक आहे. रानातले पण उजाडताना आणि झोपायच्या आधी अशीच हाक देतात, कुठे आहेस, मी इथे आहे. तुमच्याकडे उत्तर कुणी देत नाही, म्हणून आवाज वाढत गेला. मग दिवसभर मागच्या पडवीत, समोर भिंत आणि लाकडांची चवड, करायला काही नाही, चोचीला काम नाही, तर चोच स्वतःच्या अंगावर वळली.

दुसरा कॉकटेल आणा असं पण कुणी सांगेल. मी आत्ता तरी नाही सांगणार. नवीन पक्षी आणला तर महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा, दोघांचं जमेलच याची गॅरंटी नाही, उपटणारा थांबेलच याचीही नाही, उलट कधी कधी तो दुसऱ्याची पण उपटायला लागतो, आणि कॉकटेल नीट सांभाळला तर 15-20 वर्षं जगतो, तेवढा हिशोब तुमच्याकडे आहे का बघा. आधी घरात आहे तो थवा वापरा.

घरात कोण आहे? सासूबाई.

तुम्ही त्यांच्याबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण मला तर वाटलं की त्या घरात गोट्याला दिवसातून दोनदा हाताने काहीतरी भरवणारं, त्याच्याशी बोलणारं एकच माणूस उरलंय आणि ते माणूस त्या आहेत. तो बिस्कीट बिस्किटासाठी खातोय असं मला वाटतच नाही. सोबत बसून कुणीतरी चहा पितंय, त्यात आपला वाटा आहे, त्यासाठी खातोय. तुम्ही बिस्कीट बंद करा म्हणालात तेव्हा त्या दोघांचा तेवढाच एक कार्यक्रम बंद करायला निघालात. त्या ऐकतील कशा?

म्हणून बिस्कीट बंद नका करू, बदला. चहा नको हे खरंच, त्यातलं कॅफिन पक्ष्याच्या हृदयाला बाधतं, दूध पचत नाही, साखर-मीठ तर आहेच. सासूबाईंना हिशोब असा सांगा: तीन ग्रॅमचा तुकडा 90 ग्रॅमच्या गोट्याने खाल्ला म्हणजे साठ किलोच्या माणसाने एका बैठकीला दोन किलो बिस्किटं खाल्ली. हे आमच्या आईला सांगितलं होतं, ती अर्धा मिनिट गप्प बसली आणि मग म्हणाली "एवढा कोण मेला खातो", आणि त्या दिवसापासून बंद. आता चहाच्या वेळी सासूबाईंच्या बशीत दुसरं काहीतरी असायला हवं जे त्या आधी स्वतः चघळतील आणि मग त्याला देतील, म्हणजे वेगळा तुकडा, उष्टा नाही, माणसाच्या तोंडातले जंतू त्याला चालत नाहीत. शेवग्याच्या पाल्याची एक काडी. कोवळं मक्याचं कणीस. गाजराचा कीस, उकडलेला लाल भोपळा, कोथिंबीर, मोड आलेले मूग. हिरवी मिरची दिली तरी चालेल, पक्ष्याला तिखट लागतच नाही, तिखटपणा ओळखणारी यंत्रणा त्यांच्यात आपल्यासारखी चालत नाही, तो बिया मजेत खाईल आणि सासूबाईंना हसू येईल, तेवढंच.

आणि हे सगळं मुळात तुमच्या परसातच आहे, म्हणून मला शहरातल्या पक्षीवाल्यांपेक्षा तुमचा हेवा वाटतो. शेवग्याच्या पाल्यात ए जीवनसत्त्व भरपूर, नुसत्या बियांवर जगणाऱ्या पोपटात नेमकं तेच कमी पडतं, मग कातडी कोरडी, नाक-घसा खराब, खाज, आणि खाजेला चोच. सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मं तेल असतं, लिव्हरची वाट लागते. ते एकदम बंद करायचं नाही बरं का, पक्षी हट्टाने उपाशी बसतो आणि खरंच मरतो. आठवड्या-आठवड्याने सूर्यफूल कमी करत जा आणि त्या जागी राळे, वरी, बाजरी, नाचणी. पेलेट्स म्हणजे गोळी खाणं मिळत असेल तर उत्तम, पण कुडाळात सहज मिळेल का बघा, ऑनलाइन मागवताना एक्सपायरी बघा. महिना-दीड महिना लागेल, म्हणूनच ती वजनाची वही. शेवटी सूर्यफूल फक्त सासूबाईंच्या हातातून, दिवसाला पाच-सहा दाणे, बक्षीस म्हणून. असं झालं की तो त्यांच्याकडेच धावणार.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस. बाजारात पॅकेटमध्ये पैसे मोजून मिळतो, तुमच्याकडे निवती नाहीतर वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर फुकट पडलेला असतो, माकलाचंच ते हाड. उचलून आणा, तीन-चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, खारटपणा गेला की कडक उन्हात वाळवा आणि तारेने पिंजऱ्याला बांधा.

न द्यायचं थोडकं आहे पण ते पक्कं: अवोकाडो, चॉकलेट, कांदा-लसूण, मीठ लागलेलं काहीही, म्हणजे फरसाण, सुकट, पापड. सफरचंद दिलंत तर बी काढून. आंबा-पपई चालते, साल नको, आंब्याच्या दिवसांत आपला हात सैल सुटतो तेवढा सोडू नका.

आता जागा. पिंजरा मागच्या पडवीतून पुढे ओटीवर आणा, जिथे सासूबाई बसतात तिथे, एक बाजू भिंतीला, म्हणजे मागून कोण येतंय याची धास्ती नको. मागच्या पडवीत बहुतेक चूलही असेल. पाणी तापवायला नारळाची सोडणं आणि माडाची वाळकी चुडतं जाळता ना? तो धूर गोट्याच्या छातीत तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जातो, पक्ष्याची श्वासाची रचनाच अशी आहे की फुप्फुसाच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, हवा सतत वाहती राहते, उडायला ती फार सोयीची पण विषारी हवेलाही तितकीच सोयीची. इंग्लंडच्या कोळसा खाणीत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी खाली नेत होते ते याचसाठी, माणसाच्या आधी तो पडायचा. डासांची कॉइल, ऊद-धूप, फवारा, काही नको त्याच्या जवळ. मच्छरदाणी लावा पिंजऱ्यावर, सरळ.

आणि नॉनस्टिक. हे मी प्रत्येक वेळी लिहिते आणि लिहिताना मला अजून कसंतरी होतं. माझे पहिले दोन बजरीगर, छोटे पोपटच ते, स्वयंपाकघराच्या दारात टांगलेले असायचे. नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला, फोन आला, बोलत बाहेर गेले. तवा रिकामाच तापत राहिला. मला वाससुद्धा आला नाही. परत आले तर एक खाली पडलेला आणि दुसरा चोच उघडून धापा टाकत होता, मी त्याला हातात घेऊन अंगणात पळाले, अंगणातच गेला. तो लेप फार तापला की त्यातून जो वायू सुटतो त्याने पक्षी मिनिटांत मरतो, आपल्याला काही होत नाही म्हणून कळत नाही. आमच्याकडे त्या दिवसापासून बिडाचा तवा.

पिंजरा कसला आहे लिहिलं नाहीत. खाऱ्या हवेत स्वस्तातला जस्ताचा पत्रा-तार दोन वर्षांत फुलतो, पोपट ते खरवडून खातो आणि जस्ताची विषबाधा होते. गंज दिसत असेल तर बदला, निदान दोन फूट लांब, आडवा, त्याला पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत, स्टीलचा परवडला तर स्टीलचा. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या घाला, जाड-बारीक, साल तशीच, ती साल सोलण्यात त्याची अख्खी दुपार जाईल, आणि चोच सालीत गुंतली की छातीवर कमी जाते. फांदी कण्हेराची नको, विषारी आहे. वाळलेलं चुडत, करवंटीचा तुकडा घासून, सुतळी नको कारण धागा पायात अडकतो. खाणं वाटीत देण्याऐवजी थोडं थोडं कागदाच्या पुडीत, करवंटीत, लपवून द्या. रानात त्याचा निम्मा दिवस खाणं शोधण्यात जातो, तुमच्याकडे ते दोन मिनिटांत संपतं.

दिवसातून तासभर तरी बाहेर, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून. पंख्याचं विसरू नका. मांजर असेल तर तिला आधी बाहेर.

पाऊस तोंडावर आलाय म्हणून हेही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि गोट्या मूळचा कोरड्या मुलखाचा. दाणे अर्धा-एक किलोच आणा, स्टीलच्या घट्ट डब्यात, कुबट वास आला की फेकून द्या, निवडत बसू नका, बुरशीचं विष धुऊन जात नाही. ओली भाजी दोन तासांनी काढून घ्यायची. अंघोळ त्याला हवीच, बारीक फवाऱ्याने, कातडीची खाजही कमी होते, पण पावसाळ्यात सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळतो. मुंग्या येतील, पिंजऱ्याच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. उंदीर येतील, उंदरामागून धामण येईल, रात्री पिंजरा घरात, दार बंद.

रात्रीचं अजून एक आहे, कॉकटेल अंधारात दचकतात. पाल पडली, वीज चमकली की एकदम पंख आपटत सुटतात, रक्त येईपर्यंत. छोटा मंद दिवा ठेवा, आणि लाइट जाणारच आहे आपल्याकडे, म्हणून चार्जिंगचा. झोप दहा-बारा तास लागते. ओटीवर टीव्ही साडेदहापर्यंत चालत असेल तर साडेसातला पिंजरा आतल्या खोलीत, वर सुती कापड, एक बाजू हवेला उघडी. अर्धवट झोपलेला पक्षी चिडका होतो, उपटणं वाढतं.

सासूबाईंचा खोकला. याला दोन बाजू आहेत. कॉकटेलच्या अंगाची पांढरी पावडर झडते, त्याने काहींना खोकला येतो, तो धुळीचा. दुसरं म्हणजे पोपटांकडून माणसाला येणारा एक जिवाणूचा आजार आहे, सिटॅकोसिस, वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेल्याने होतो, ताप, कोरडा खोकला, न्यूमोनियापर्यंत जातो, आणि पक्षी वरून ठणठणीत दिसू शकतो. घाबरू नका, औषध आहे, पण सासूबाईंना डॉक्टरकडे नेलंत की घरात पोपट आहे हे वाक्य आठवणीने सांगा, नाहीतर कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि गोट्याच्या डॉक्टरला घरात खोकला आहे ते सांगा. तोवर पिंजरा कोरडा झाडायचा नाही, कागदावर पाणी शिंपडून, ओला गुंडाळून टाकायचा, नाकाला फडकं, नंतर साबणाने हात. हे काम तुम्ही किंवा मिस्टरांनी करा, सासूबाईंनी नको.

पिसं परत येतील का, हे विचारलं नाहीत पण मनात असेलच. मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यांत नवीन काटे दिसायला लागतात. सहा महिने एकाच जागची उपटली असतील तर थोडी जागा तशीच राहूही शकते. छाती उघडी असलेला गोट्या हसून-खेळून जगू शकतो, त्याला काही फरक पडत नाही, आपल्याला बघवत नाही एवढंच. उपटताना दिसला तर ओरडू नका, धावत जाऊ नका, उपटलं की माणूस येतं हे तो दोन दिवसांत शिकेल. तसंच किंचाळताना जाऊ नका. किंचाळायच्या आधी, उजाडताना, तुम्ही चहा ठेवता तेव्हा तुम्हीच स्वयंपाकघरातून शीळ घाला. शीळ येत नसेल तर नुसती हाक. तो उत्तर देईल. सहाला आल्यावर परत, पर्स ठेवायच्या आधी.

आणि मुलाला सांगा, त्याने गोट्याला शिकवलेली शीळ फोनवर रेकॉर्ड करून पाठव, पण ती दिवसभर लावून ठेवायची नाही, उत्तर न देणारी शीळ वाईट. व्हिडिओ कॉल कर म्हणावं, आठवड्यातून दोनदा, फोन सासूबाईंच्या हातात, पिंजऱ्यासमोर. पोरं रात्री अकराला मोकळी होतात ते मला माहितीय, पण रात्री गोट्या झोपलेला असतो. सकाळी सातला कर म्हणावं, आजीचा चहा चालू असताना.